अस्तराची प्रतिष्ठा

भिंतीला आतली आणि बाहेरची अशा दोनच बाजू असतात, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु अमेरिकेतील लाकडी सांगाड्याच्या घरांचा विचार करताना एका तिसऱ्या बाजूचीही नोंद घ्यावी लागते, कारण तेथील भिंत मुळातच पोकळ असते आणि त्या पोकळीलगत जे काही ठोकलेले असते ते सुताराखेरीज कोणी पाहावे, अशी ना घरमालकाची अपेक्षा असते ना खुद्द सुताराची. गेल्या दशकात अमेरिकी दिवाणखान्यात जिला सर्वाधिक मान मिळाला, ती ‘शिपलॅप’ नावाची फळी याच तिसऱ्या बाजूची जुनी रहिवासी होय. कोटाचे अस्तर बाहेर काढून तेच मिरवण्याची प्रथा पडावी आणि पुढे शिंप्यांनी कोटाला दोन्हीकडून अस्तरच लावून द्यावे, असा काहीसा हा प्रकार असून त्याचा साग्रसंगीत अभ्यास होणे आवश्यक आहे.

शिपलॅप ही संज्ञा लाकडाच्या जातीला नव्हे, तर फळीच्या सांध्याला उद्देशून वापरली जाते. फळीच्या एका लांब कडेला पुढच्या अंगाने आणि दुसऱ्या कडेला मागच्या अंगाने निम्म्या जाडीइतकी खाच घेतली, की एका फळीचा ओठ शेजारच्या फळीच्या ओठावर बसतो. फळ्या आडव्या ठोकल्यास वरून आलेले पाणी सांध्यात न शिरता खाली ओघळते, आणि लाकूड दमट हवेत फुगले वा कोरड्या हवेत आकसले, तरी मधली फट आरपार दिसत नाही. या गुणांमुळे धान्याची कोठारे, गोठे आणि अवजारांच्या खोल्या यांना ही फळी सोयीची ठरली. तिच्या मापाविषयीही दोन शब्द सांगणे भाग आहे. अमेरिकी वखारीत ‘एक बाय आठ’ म्हणून विकली जाणारी फळी प्रत्यक्षात पाऊण इंच जाड आणि सव्वासात इंच रुंद असते, कारण रंधा मारण्यापूर्वीचे माप नावात राहते आणि रंधा मारल्यानंतरचे माप गिऱ्हाइकाच्या घरी जाते. तेव्हा या विषयात पुढे जी अनेक सोंगे येणार आहेत त्यांची सुरुवात वखारीच्या दारातच झालेली असते, एवढे वाचकाने लक्षात ठेवलेले बरे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची चार-पाच दशके पूर्व टेक्सासमधील पाइनची अरण्ये झपाट्याने तोडली गेली. रेल्वेचे फाटे जंगलापर्यंत पोहोचले, लाकूड कापण्याच्या वाफेवरच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि फळी इतकी स्वस्त झाली की घराच्या सांगाड्याला आतून सबंध फळ्या ठोकून तो ताठ करणे हाच सर्वांत कमी खर्चाचा मार्ग ठरला. उभ्या वाशांवर अशा आडव्या फळ्या बसल्या, की वाऱ्याने घर कलत नसे. तथापि या फळ्यांकडे पाहत बसावे असे कोणालाही वाटत नसे. फळी दिसणे म्हणजे घर अर्धवट राहिल्याचे किंवा घरमालकाचे पैसे संपल्याचे लक्षण होते. म्हणून फळ्यांवर मलमलीसारखे विरळ कापड छोट्या चुकांनी ताणून बसवले जाई आणि त्या कापडावर भिंतीचा कागद चिकटवला जाई. कागदावर गुलाबाच्या वेली असत किंवा रेशमी वस्त्राचा भास करणारे पट्टे असत. हा कागद कोरड्या ऋतूत फळ्या सरकल्या की सुरकुते, आणि वारा सुटला की कापडासह मंदपणे फुगे. तरीही गुलाबाच्या त्या वेलींमागे गोठ्याच्या जातीची फळी आहे, हे पाहुण्यांना ठाऊक नाही असे यजमान मानीत आणि पाहुणेही, स्वतःच्या घरी तीच व्यवस्था असल्यामुळे, तसेच मानीत. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास ‘ड्रायवॉल’ सर्वत्र पसरली. दोन जाड कागदांमध्ये जिप्समचा थर दाबून केलेला हा तक्ता फळ्यांपेक्षा स्वस्त, बसवायला सोपा आणि इतका गुळगुळीत होता की जुन्या घरांच्या कागदावरही तोच ठोकण्यात आला. अशा रीतीने शिपलॅप एक कापड, दोन-तीन पिढ्यांचे कागद आणि एक जिप्समचा तक्ता एवढ्या आवरणांखाली गेली व जवळजवळ अर्धे शतक तिची कोणालाही आठवण झाली नाही.

तिचे पुनरुत्थान टेक्सासमधीलच वेको या शहरी झाले. डॉक्टर पेपर या शीतपेयाचा जन्म १८८५ मध्ये याच शहरात झाला होता. त्यानंतर बाहेरच्या जगाला वेकोचे नाव पुन्हा ऐकू आले ते शहराजवळ एका धार्मिक पंथाच्या वस्तीला पडलेल्या १९९३ च्या शोकान्त वेढ्यामुळे. अशा शहरात चिप गेन्स आणि जोआना गेन्स या दांपत्याने जुनी घरे दुरुस्त करण्याचा व्यवसाय चालवला होता, आणि एचजीटीव्ही या वाहिनीवर त्यांचा ‘फिक्सर अप्पर’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्याचा पहिला नमुना-भाग २०१३ मध्ये आला, आणि मग २०१८ पर्यंत पाच हंगाम झाले. कार्यक्रमाची रचना सत्यनारायणाच्या पोथीइतकीच ठरलेली होती. गिऱ्हाईक दांपत्य तीन जुनी घरे पाही, त्यांतले बहुधा सर्वांत केविलवाणे निवडी, आणि नंतर ‘डेमो डे’ नावाचा दिवस उजाडे. डेमो डे म्हणजे पाडापाडीचा दिवस. त्या दिवशी चिप गेन्स हातात घण घेऊन शाळा सुटलेल्या मुलाच्या आनंदाने भिंती फोडीत. जिप्समचा तक्ता फुटला, मागचा कागद फाटला आणि आत करड्या-तपकिरी फळ्या दिसल्या, की जोआना गेन्स यांना जो हर्ष होई तो उत्खननात ताम्रपट सापडलेल्या संशोधकालाच कळू शकेल. झाकली मूठ सव्वा लाखाची असे मराठीत म्हणतात. येथे मूठ झाकलेली होती तोवर तिची किंमत कवडीची होती आणि उघडल्याक्षणी ती सव्वा लाखाची झाली.

या शोधाची एक बाजू पडद्यावर फारशी रंगत नाही. अमेरिकेत घरगुती वापराच्या रंगातील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, त्यामुळे त्यापूर्वीच्या घरात जुना रंग घासताना विषारी धूळ उडण्याचा संभव असतो आणि त्यासाठी रीतसर खबरदारी घ्यावी लागते. तोंडाला मुसके बांधून घरभर प्लॅस्टिक अंथरणारा कारागीर छोट्या पडद्यावर काव्यमय दिसत नाही, हे मान्य केले पाहिजे.

खरी अडचण मात्र वेगळीच होती. कार्यक्रम पाहणारी बहुसंख्य अमेरिकी कुटुंबे अशा घरांत राहत होती जी ड्रायवॉलच्या युगातच बांधली गेली होती. त्यांनी कितीही भिंती फोडल्या, तरी आत उभे वासे, विजेच्या तारा आणि गुलाबी रंगाचा काचतंतूंचा कापूस याखेरीज काहीही सापडण्यासारखे नव्हते. पूर्वजांनी लपवून ठेवलेले दारिद्र्य ज्यांच्या वाट्याला आले नाही, त्यांनी ते विकत आणावे हा यावरचा एकमेव उपाय ठरला आणि बाजाराने तो तत्परतेने पुरवला. प्रथम खऱ्या पाइनच्या, खऱ्या खाचेच्या फळ्या निघाल्या. त्या महाग पडतात असे दिसताच ‘एमडीएफ’च्या फळ्या आल्या; एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू कुटून, त्यांत राळेचा चिकट पदार्थ मिसळून, उष्णता व दाब देऊन केलेला तक्ता, जो ऋतुमानाने सरकत नाही पण पाण्याची एक बादली सांडली तर कायमचा फुगून बसतो. म्हणजे ज्या दोन कारणांसाठी शिपलॅपच्या सांध्याचा शोध लागला, त्यांपैकी लाकडाची हालचाल येथे उरलेली नाही, आणि पाणी आले तर सांधा वाचवू शकत नाही. यावरही काटकसर करू इच्छिणारे गृहस्थ चार बाय आठ फुटांचा पाव इंची प्लायवूडचा तक्ता आणतात, त्याच्या सहा इंची पट्ट्या पाडतात (करवतीच्या पात्याने खाल्लेला भुसा वजा जाता त्या सहा इंच भरत नाहीत, परंतु वखारीची परंपरा पाहता हे क्षम्य आहे) आणि त्या ड्रायवॉलवर एकीखाली एक ठोकून त्यालाही शिपलॅपच म्हणतात. या पट्ट्यांना ना खाच असते ना ओठ. असते ती फक्त दोन पट्ट्यांमधली फट. ज्या फटीला लपवण्यासाठी सगळी सुतारविद्या खर्च झाली होती, ती फट हाच आता शिपलॅपचा आत्मा होऊन बसला आहे.

ही फट किती असावी, याविषयी या क्षेत्रात एकमत आहे, आणि सजावटीच्या क्षेत्रात एकमत ही इतकी दुर्मीळ चीज आहे की तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. फट ‘निकल’इतकी असावी, असा दंडक आहे. निकल हे अमेरिकेचे पाच सेंटांचे नाणे असून त्याची जाडी १.९५ मिलिमीटर आहे; पट्टी ठोकताना खालच्या पट्टीच्या कडेवर दोन-तीन नाणी आडवी ठेवायची, त्यांवर वरची पट्टी टेकवायची, खिळे मारायचे आणि नाणी काढून घ्यायची, अशी ही रीत आहे. संपूर्ण गृहसजावटीत घातलेले पैसे जसेच्या तसे परत मिळण्याचा हा एकच टप्पा होय. या नाण्याच्या एका बाजूला थॉमस जेफरसन यांची मुद्रा आहे आणि दुसऱ्या बाजूला त्यांनी स्वतः आराखडा करून बांधलेले माँटिचेलो हे घर आहे, त्यामुळे देशाचा एक वास्तुरसिक राष्ट्राध्यक्ष आपल्या घरासह प्रत्येक फटीची पाहणी करून जातो असे म्हणता येईल. त्यांचे पूर्वसूरी जॉर्ज वॉशिंग्टन यांना तर या प्रकाराचे मुळीच नवल वाटले नसते. माउंट व्हर्नन येथील त्यांच्या घराच्या बाह्य भिंती पाइनच्या फळ्यांच्या आहेत. फळ्यांच्या कडा तिरप्या तासून त्यांना दगडी चिऱ्यांचा आकार देण्यात आला आणि ओल्या रंगावर वाळू फेकून दगडाचा खरबरीतपणा आणण्यात आला. अठराव्या शतकात लाकडाने दगडाचे सोंग घेतले, विसाव्या शतकाच्या आरंभी गुलाबाच्या कागदाने लाकूड झाकले आणि एकविसाव्या शतकात भुशाने लाकडाचे सोंग घेतले. या परंपरेत राष्ट्रपित्यापासून आजच्या गृहस्थापर्यंत कोठेही खंड पडलेला नाही.

तरीही या विकासाची परिसीमा अजून सांगायची राहिली. ज्यांना खिळे ठोकायचे नसतात, किंवा घर भाड्याचे असल्यामुळे ठोकता येत नाहीत, त्यांच्यासाठी शिपलॅपचे चित्र छापलेला भिंतीचा कागद मिळतो. पाठीमागचे आवरण सोलायचे आणि कागद भिंतीला चिकटवायचा, की पांढऱ्या फळ्या, त्यांमधील सावलीच्या रेषा, क्वचित एखादी गाठ, सर्व काही जागच्या जागी उमटते. १९१० च्या सुमारास टेक्सासमधील जी गृहिणी फळी दिसू नये म्हणून कागद लावीत होती, तिच्या पणतीने फळी दिसावी म्हणून कागद लावावा, यापेक्षा अधिक पूर्ण वर्तुळ सामाजिक इतिहासात क्वचितच काढले गेले असेल. इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी १८४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द सेव्हन लँप्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथात वास्तुकलेतील फसवणुकीचे तीन प्रकार सांगितले आहेत. खऱ्या रचनेहून वेगळी रचना सुचवणे हा पहिला, पृष्ठभाग रंगवून दुसऱ्याच पदार्थाचा भास निर्माण करणे हा दुसरा, आणि यंत्राने केलेली नक्षी हाताच्या नक्षीच्या जागी वापरणे हा तिसरा. शिपलॅपचा कागद हे तिन्ही गुन्हे एकाच गुंडाळीत करतो, तेही पाव मिलिमीटरच्या आसपासच्या जाडीत, आणि वर पाण्याने पुसताही येतो. रस्किन यांना ही शेवटची सोय ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनी ती तक्रारीत धरली नाही.

व्हिएन्नाचे वास्तुरचनाकार आडोल्फ लोस यांची भूमिका मात्र आरोपीला काहीशी अनुकूल ठरते. आवरण आणि आवरलेली वस्तू यांची गल्लत होता कामा नये, असा नियम त्यांनी १८९८ मध्ये मांडला आणि त्याचे उदाहरण देताना लाकडाला कोणताही रंग द्यावा, फक्त लाकडाचा रंग देऊ नये, असे बजावले. शिपलॅपला आजवर बहुधा पांढराच रंग दिला गेला आहे. सबब रंगाच्या मुद्द्यावर तिला निर्दोष सोडावे लागेल. पांढऱ्याचा हा आग्रह केवढा होता याची कल्पना यावी म्हणून एवढेच सांगता येईल, की २०१६ या एकाच वर्षासाठी शेर्विन-विल्यम्सने ‘अलाबास्टर’ आणि बेंजामिन मूरने ‘सिंपली व्हाइट’ असे पांढरेच रंग वर्षाचा रंग म्हणून जाहीर केले. दोन मोठ्या कंपन्यांच्या तज्ज्ञांनी हजारो छटा पुढ्यात असताना चुन्याची निवड करावी आणि दोघांचा चुना एकमेकांहून भिन्न असावा, यात रंगशास्त्राची प्रगती दिसून येते.

फळीसोबत जे इतर साहित्य येते, त्या सर्वांना मिळून ‘मॉडर्न फार्महाउस’ म्हणजे आधुनिक शेतघर ही शैली म्हणतात. तिच्यात कोठाराच्या दारासारखे रुळावर सरकणारे दार असते, जे बंद केले तरी बाजूंनी उघडेच राहते आणि म्हणून स्नानगृहाला लावल्यास कुटुंबातील संभाषण वाढते. जस्ताची बादली असते, जिच्यात पाणी नसते. शिडी असते, जिच्यावर कोणी चढत नाही, पण शाली वाळत घातल्यासारख्या टाकलेल्या असतात. आणि कापसाची बोंडे असलेली वाळकी काडी असते. याशिवाय भिंतीवर शब्द असतात. जेवणाच्या टेबलाजवळ ‘ईट’, बैठकीत ‘गॅदर’, कपडे धुण्याच्या खोलीत ‘लाँड्री’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असल्यामुळे घरातल्या माणसांचा गोंधळ टळतो. अमेरिकेत १९०० च्या सुमारास सुमारे ४० टक्के कामकरी माणसे शेतीत होती, आज हे प्रमाण २ टक्क्यांहूनही कमी आहे. म्हणजे शेतकरी जसजसे नाहीसे होत गेले तसतशी शेतघरे वाढली, आणि उरलेले शेतकरी ज्या घरांत राहतात त्यांत बहुधा ड्रायवॉल आणि वातानुकूलन यंत्र असते. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिने व्हर्सायच्या बागेत १७८३ पासून एक खेडे बांधवून घेतले होते, त्याची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. तेथे नव्या घरांच्या भिंती जुन्या वाटाव्यात म्हणून चितारी लावून त्यांवर भेगा रंगवून घेतल्या होत्या. राणीला निदान त्यासाठी चितारी ठेवावे लागले. आज भेगाच काय, फळीतल्या किड्याने पाडलेली भोकेसुद्धा यंत्राने पाडून मिळतात.

या साऱ्याची उपपत्ती अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ च्या ‘द थिअरी ऑफ द लेझर क्लास’ या ग्रंथात देऊन ठेवली आहे. यंत्राने केलेली वस्तू सफाईदार आणि स्वस्त होऊ लागली, की सफाई हेच गरिबीचे लक्षण ठरते आणि हाताच्या वस्तूतील ओबडधोबडपणा मानाचा होतो, असे त्यांचे म्हणणे असून त्यासाठी त्यांनी चमच्याचा दाखला दिला आहे. ड्रायवॉल आल्यावर गुळगुळीत भिंत कोणालाही परवडू लागली, त्यामुळे गुळगुळीत भिंतीत पाहण्यासारखे काही उरले नाही. मग तिच्यावर खडबडीतपणा लादण्यासाठी जास्तीचे पैसे मोजणे क्रमप्राप्तच होते. फक्त व्हेब्लेन यांच्या काळात तो ओबडधोबडपणा खरोखरच हाताचा असे. ते स्वतः मिनेसोटातील शेतकरी कुटुंबात वाढले आणि ते घर आज राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून जपलेले आहे, ही गोष्ट या संदर्भात उगाचच सुखावणारी आहे. अस्सल शेतघरात वाढलेल्या मुलाने मोठेपणी दिखाऊ खर्चावर ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या देशाने पुढे शेतघर हाच दिखाऊ खर्च केला.

टेक्सासमधील मराठी कुटुंबांचाही या विषयाशी संबंध येतो. डॅलसभोवतीच्या प्लॅनो, फ्रिस्को, अर्व्हिंग आणि ह्यूस्टनभोवतीच्या शुगर लँड, केटी अशा उपनगरांत त्यांची मोठी वस्ती आहे, बृहन्महाराष्ट्र मंडळाचे २०१९ चे अधिवेशनही डॅलसलाच झाले, आणि तेथील नव्या घरांत दूरदर्शन संचामागची एक भिंत शिपलॅपची करून घेण्याची सोय असते. मराठी गृहस्थाचा भिंतीकडे पाहण्याचा दृष्टिकोन सजावटीच्या शास्त्रात कोठेही नोंदलेला नाही. पांढरा शुभ्र की किंचित दुधाळ, आडव्या फळ्यांनी खोली रुंद दिसते की उभ्या फळ्यांनी उंच, असले प्रश्न त्याच्या मनात पहिल्या फेरीत येत नाहीत. खिळा कोठे मारता येईल, एवढेच त्याला विचारायचे असते. कालनिर्णय लावायचे असते, फेटा बांधलेल्या पणजोबांची जाड चौकटीतली तसबीर लावायची असते आणि तसबिरीला चंदनाचा हार घालायचा असतो. अर्ध्या इंची ड्रायवॉलमध्ये साधा खिळा धरत नाही. तिच्यामागे सोळा-सोळा इंचांवर उभे वासे असतात, ते हुडकण्याचे यंत्र मिळते, आणि पणजोबांना जेथे यंत्र सांगेल तेथेच राहावे लागते. या बाबतीत जुनी शिपलॅप आदर्श होती, कारण पाऊण इंची सलग पाइनमध्ये वाटेल तेथे खिळा मारावा आणि तो पन्नास वर्षे राहावा. नवी पाव इंची पट्टी दिसते तशीच, परंतु तिच्यात मारलेला खिळा कालनिर्णय पेलतो आणि पणजोबा पेलत नाही. शिवाय पेलला तरी सुटका नाही, कारण आडव्या फटींच्या सरळ रेषा मागे असल्यामुळे चौकट केसभर कलली तरी ते खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते, आणि मग दर दोन दिवसांनी कुटुंबातील कोणीतरी उठून पणजोबांना सरळ करीत असतो.

स्वयंपाकघर आणि बैठक यांमध्ये भिंत नसणे, हा मॉडर्न फार्महाउस शैलीचा आणखी एक नियम आहे. त्यामुळे फोडणीची वाफ बिनअडथळा शिपलॅपपर्यंत पोहोचते, आणि १.९५ मिलिमीटरच्या फटीत तेल, हळद व धूळ यांचा जो थर बसतो तो काढण्यासाठी फडक्याचे टोक फार जाड आणि बोटाचे नख फार लहान पडते. जुना टूथब्रश चालतो. दोन दिवाळ्या लोटल्यावर अलाबास्टरला जी छटा येते, ती अद्याप कोणत्याही कंपनीच्या रंगपत्रिकेत नाही. खुद्द महाराष्ट्रात ही फळी फारशी आलेली नाही, कारण विटा आणि सिमेंटच्या भिंतीला आतून ताठ करण्याची गरज नसते आणि वाळवीला लाकडी सजावट मनापासून आवडते. पुण्या-मुंबईच्या सदनिकांत तिच्या जागी उभ्या पन्हळींची प्लॅस्टिकची पॅनेले बसतात. जुन्या वाड्यांतील तक्तपोशी, म्हणजे लाकडी छताला खालून बसवलेली फळ्यांची जडण, ही मात्र पाहण्यासाठीच असे, म्हणून तिच्यावर सुतार जीव ओतून नक्षी करी आणि वर माळ्याच्या बाजूला उरलेली फळी तशीच सोडून देई. दिसणारे कोरावे आणि न दिसणारे सोडून द्यावे, इतका साधा व्यवहार होता.

फॅशनच्या नियमानुसार आता शिपलॅप उतरणीला लागली आहे, आणि ज्या सल्लागारांनी ती लावण्याचा सल्ला दिला होता त्यांनी ती काढण्याचाही सल्ला देण्यास प्रारंभ केला आहे. लावणे एकवेळ सोपे होते. खिळ्यांनी भागणार नाही या भीतीने बहुतेकांनी पट्ट्यांच्या मागे बांधकामाचा चिकट पदार्थ सढळ हाताने लावलेला असतो. पट्टी ओढली, की तिच्याबरोबर ड्रायवॉलच्या पुढच्या कागदाचे मोठमोठे टवके निघतात, आत पांढरे जिप्सम उघडे पडते, आणि मग खळगे बुजवणे, लांबी भरणे, घासणे, पुन्हा भरणे, पुन्हा घासणे, असे काम निघते, ज्याचा खर्च पाहून चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हा हिशेबही स्वस्त वाटू लागतो. पुष्कळदा सगळा तक्ताच उतरवून नवा बसवावा लागतो. अशा वेळी अनुभवी कंत्राटदार भिंतीवर दोनदा बोटे वाजवून पाहतो आणि फळ्या मुळीच न काढता त्यांच्यावरून पातळ ड्रायवॉल ठोकून टाकावी, सगळ्यात स्वस्त तेच पडेल, असे सुचवतो. त्या नव्या भिंतीवर काय लावायचे याचीही त्याला काळजी असते, आणि मोठाल्या गुलाबांच्या कागदाची नमुनापुस्तिका त्याने येतानाच गाडीत ठेवलेली असते.